झोन सहामधला गणपती

भुयारी रेल्वेच्या गेटवरच्या मशीनने काकांचा पास तिसऱ्यांदा बाहेर टाकला. लाल दिवा लागला आणि गेटची दोन्ही दारं मिटलेलीच राहिली. मागे ऑफिसला निघालेली माणसं खोळंबली. लंडनची माणसं ओरडत नाहीत, नुसती घसा खाकरतात. ते ओरडण्यापेक्षा वाईट लागतं.

"शैलाताई, ह्या मशीनला माझा पास पसंत नाय वाटतं," यशवंतकाका म्हणाले.

मी पास हातात घेतला. उलटा करून बघते तर मागच्या काळ्या पट्टीवर हळदीकुंकवाचा चांगला बोटभर डाग. वर एक अक्षता चिकटलेली.

"काकी, हे काय आहे?"

सुमनकाकींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काही चूक माझीच आहे. "दसरा नाय का झाला? घरात हत्यारांची पूजा केली. कोरण्या ठेवल्या, ब्रश ठेवले, तसे पास पन ठेवले पाटावर. एवढ्या लांब जायाचं, ते काय तसंच जायाचं?"

"दोन्ही पास?"

"मग? ह्यांचा एकट्याचा कशाला?"

पासच्या मागची ती काळी पट्टी म्हणजे पासचा जीव. कुठून कुठपर्यंत, कुठल्या दिवशी, हे सगळं तिच्यात भरलेलं असतं. मशीन ती पट्टी वाचतं आणि मग दार उघडतं. पेणच्या देवघरातलं कुंकू वाचायला त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

एरवी मी हसले असते. पण तो गुरुवार होता आणि शुक्रवारी सकाळी आमचं परतीचं विमान होतं. शहराच्या अगदी टोकाला, एका म्युझियमच्या गोदामात, अकरा वाजता एक बाई आमची वाट बघणार होत्या. त्यांनी आम्हाला एक तास दिला होता. काकांच्या वडिलांच्या हातचा एकच गणपती जगात उरला होता. तो तिथे होता. काका त्यासाठीच एवढ्या लांब आले होते आणि आम्ही अजून पहिल्याच गेटवर अडकलो होतो.

हे सगळं कसं घडलं ते आधी सांगते.

पेणला एसटी स्टँडजवळ माझं टूरचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल आणि काचेखाली लावलेले परदेशातले फोटो. अष्टविनायक आणि काशीपासून सुरुवात केली, मग सिंगापूर, मग युरोप. मी सांगतेय ती गोष्ट त्या काळातली आहे, जेव्हा पेणमध्ये ईमेल करायला सायबर कॅफेत जावं लागे आणि लंडनचे पास इथूनच कागदाचे मागवता येत.

यशवंतकाकांचा गणपतीचा कारखाना आहे. आमच्या पेणमध्ये कारखाना म्हटलं की बाहेरच्यांना धुराडं आठवतं. इथे कारखाना म्हणजे घराच्या पडवीत आणि मागच्या शेडमध्ये रांगेने मांडलेल्या मूर्ती. काका साठीच्या पुढचे. सुमनकाकी त्या कारखान्यातली आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. बाकीचे हात कितीही असोत, डोळ्यांना एकच हात लागतो.

गणपती गेले की ह्या लोकांना थोडी उसंत मिळते. तशा एका दुपारी काका ऑफिसात आले. टेबलावरचं लंडनचं ब्रोशर मी त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते उघडलंच नाही.

"मला एकच वस्तू बगायची हाय," ते म्हणाले. "बाकी तुम्ही दाखवाल ते."

"कुठली?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी सांगितलं.

काका लहान होते तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, एक गोरं जोडपं पेणला आलं होतं. गावोगावची खेळणी, मुखवटे, मूर्ती असं काहीबाही गोळा करत फिरत होतं. त्यांनी काकांच्या वडिलांकडे एक गणपती मागितला. साच्यातला नको म्हणाले. म्हणून वडिलांनी शाडूचा एक गणपती हाताने घडवला, वीतभरापेक्षा थोडा मोठा. पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यात घातला. तो बोटीने विलायतेला गेला.

"आमचा धंदा कसा हाय ताई, तुम्हाला ठाव हाय. केलेलं सगलं पान्यात जातं. त्याचं काय वाईट नाय वाटत, त्याच्यासाठीच तर करतो. पन बापाच्या हातचं माझ्याकडं काय हाय? साचे हायत. साच्यातनं निघतो तो सगल्यांचा. हातचा म्हनाल तर काय बी नाय. वडील, आमचे नाना, मरेपर्यंत सांगायचे, सगले गेले, एकच राह्यला. तो एक मला बगायचा हाय. मग माझा हात चालंल तवर चालंल."

मी टूर विकायला बसलेली बाई. पण त्या दिवशी मी त्यांना काही विकलं नाही. म्हटलं, आधी तो आहे का ते शोधू.

सायबर कॅफेतल्या खुर्चीवर बसून मी लंडनच्या कितीतरी म्युझियमना मेल केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी 'आभारी आहोत' कळवलं, कशाबद्दल ते कळवलं नाही. काका अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. विचारायचे काहीच नाहीत. मी मान हलवली की परत जायचे. वर्ष उलटलं. पुन्हा गणपती आले आणि गेले. आणि मग लोककलेच्या एका छोट्या म्युझियममधून हेलन नावाच्या बाईंचं उत्तर आलं. पेणहून आणलेली मातीची एक मूर्ती त्यांच्याकडे होती. मांडून ठेवलेली नव्हती, शहराबाहेरच्या गोदामात होती. बघायला देता येईल, फक्त गुरुवारी. सोबत एक फोटो होता, पण इतका अंधारा की त्यात सोंड आहे एवढंच कळत होतं.

काकांनी तो फोटो कॅफेच्या स्क्रीनवर बघितला. "असंल," एवढंच म्हणाले. मूर्तिकार माणूस फोटोवर विश्वास ठेवत नाही.

पुढच्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे मी लंडनची टूर लावली. दहा माणसं. पेणचे काका-काकी, आणि बाकीचे आठ रोह्याचे. रोहेकरांचे पुढारी होते दळवी. एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. आयुष्यभर मालाचा हिशोब ठेवलेला माणूस. ब्रोशर वाचून, त्यावर खुणा करून, ते रोह्याहून एसटीने माझ्या ऑफिसात यायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे.

मोठ्या शहराच्या टूरमध्ये दोन पास निवडावे लागतात. एक साइटसीइंगचा. किल्ला, राजवाडा, बोट, उंच पाळणा अशी बरीच ठिकाणं एकाच पासवर बघता येतात. त्यात मेख अशी की तो लागोपाठच्या दिवसांचा असतो. मंगळवारी उघडलात की मंगळ, बुध, गुरू. मधे एक दिवस सोडून पुढे वापरू म्हणाल तर नाही. दुसरा पास रेल्वेचा. त्यात झोन असतात. झोन म्हणजे आपल्या एसटीचे टप्पे समजा, फक्त गोल गोल. मधला बाजार म्हणजे झोन एक, आणि जसजसं बाहेर जाल तसतसं दोन, तीन, असं सहापर्यंत. टुरिस्टला झोन एक आणि दोन पुरतात. बघण्यासारखं सगळं तिथेच आहे.

हेलनबाईंचं गोदाम झोन सहाच्या टोकाला होतं.

"मॅडम, हे झोन सहा कशाला?" दळवींनी लगेच पकडलं. "तिथे बघायला काय आहे?"

"एका गोदामात एक मूर्ती आहे."

"गोदाम?" दळवींनी चष्मा काढला. "मी पस्तीस वर्षं गोदामातच काढली हो. आता लंडनला जाऊन पण गोदाम?"

मी त्यांना काकांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. पण आमच्या दहातल्या आठ जणांनी गुरुवारचा किल्ला का सोडायचा? पास काढलाय तर वसूल नको व्हायला?"

तेही खरंच होतं. शेवटी मी असं केलं. सोमवार ते बुधवार सगळ्यांना मिनीबस. साइटसीइंगचा पास आठ जणांना तीन दिवसांचा, काका-काकींना दोन दिवसांचा. आणि गुरुवारी सगळ्यांना एका दिवसाचा रेल्वे पास. रोहेकर किल्ल्याला, आम्ही गोदामाला. साइटसीइंगचे पास तिथे उतरल्यावर मिळणार होते. रेल्वेचे मात्र मी आधी मागवून पेणला वाटून टाकले, म्हणजे ऐन वेळी खिडकीवर रांग नको. पास दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाटले. त्याचा परिणाम काय होणार हे कुठल्याच ट्रॅव्हल एजंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

अजून एक गोष्ट. तो रेल्वे पास सकाळी साडेनऊनंतरच चालतो. त्याआधी ऑफिसची गर्दी असते, म्हणून टुरिस्टला बंदी. आमची मंडळी सगळी पहाटे उठणारी. गुरुवारी सहालाच दहाच्या दहा जण अंघोळ करून हॉटेलच्या लॉबीत हजर. काका नवीन सदरा घालून, केसांना तेल लावून बसले होते. साडेनऊपर्यंत त्यांना थोपवून धरणं हे त्या टूरमधलं सगळ्यात कठीण काम होतं. ते दर थोड्या वेळाने दारापर्यंत जायचे, रस्ता बघायचे आणि परत येऊन बसायचे. म्हणून मग आम्ही गेटवर पोचलो तेव्हा हाताशी वेळ मोजकाच होता.

आणि तिथे ते कुंकू.

रोहेकरांचे पास झटकन चालले होते. ते आठही जण गेटच्या पलीकडे, आम्ही तिघं अलीकडे. मी रुमालाने पट्टी पुसली. डाग आणखी पसरला. हळद आणि कुंकू काय चीज आहे ते साडीवर सांडल्याशिवाय कळत नाही.

"नवीन तिकीट काढा ना," पलीकडून दळवी म्हणाले.

खिडकीवरची रांग मारुतीच्या शेपटीसारखी लांबलेली होती. बाजूच्या मशीनला फक्त सुटी नाणी चालत होती आणि माझ्याकडे नोटा.

"मग आमचे दोन पास घ्या," दळवी म्हणाले. "मी आणि ही बाहेर येतो. काकांना जाऊ दे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. किल्ल्यासाठी माझ्याशी तीन वेळा भांडलेला हा माणूस. दळवीवहिनींनी तर पर्समधून स्वतःचा पास काढून पुढे धरलासुद्धा.

"तसं नाही चालत," मी म्हटलं. "एकाचा पास दुसऱ्याने वापरायचा नाही. पकडलं तर दंड." नियम म्हणजे नियम. पण त्या क्षणी मला त्या दोघांबद्दल जे वाटलं, ते आजही तसंच वाटतं.

तेवढ्यात गेटवरची बाई आमच्याकडे आली. उंच, धिप्पाड, सावळी. कोटावर बिल्ला. तिने हात पुढे केला, मी पास दिले. तिने ते उलटेपालटे केले, नाकाशी नेले.

"हे काय, मसाला?" तिने विचारलं.

मी सांगितलं, मसाला नाही. आमच्याकडे एक सण असतो. त्या दिवशी आम्ही कामाच्या हत्यारांची पूजा करतो. ह्या मॅडमनी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून पासची पण पूजा केली.

तिने काकींकडे बघितलं. काकींनी पदर सारखा केला आणि हात जोडले.

ती मोठ्याने हसली. म्हणाली, "माझी आई मी परीक्षेला निघाले की माझ्या पेनला तेल लावायची. चर्चमधलं. त्याने सगळा पेपर चिकट व्हायचा." मग म्हणाली, "कुठे निघालात?"

मी एका दमात सगळं सांगितलं. म्युझियम, गोदाम, काकांचे वडील, अकरा वाजता, उद्या विमान. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, पण त्या दिवशी काय बोलले कुणास ठाऊक. तिने सगळं ऐकलं. मग दोन्ही पासवर पेनाने काहीतरी लिहिलं, सही केली आणि म्हणाली, "पास खरे आहेत. पट्टी खराब आहे, पास नाही. पुढे कुणी अडवलं तर हे दाखव." आणि बाजूचं रुंद गेट उघडून दिलं, सामानवाल्यांचं असतं ते.

काकी जाताना तिच्यासमोर थांबल्या. "बाय, तुजं भलं होवो गो," असं मराठीत म्हणाल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, कळलं मला.

तिचं नाव मी विचारलं नाही. घाई होती. आजही ते राहून गेल्याची रुखरुख आहे. माझ्या धंद्यात रोज कुणी ना कुणी मला अडवतं. सोडणारी माणसं मोजकी भेटतात, आणि ती बिल्ल्यावरून ओळखू येत नाहीत.

पलीकडे दळवी माझी वाट बघत थांबले होते. आधीचं ठरलं होतं असं, की मी रोहेकरांना किल्ल्याच्या स्टेशनपर्यंत सोडायचं आणि मग काकांना घेऊन पुढे जायचं. आता तेवढा वेळ नव्हता.

"मॅडम, तुम्ही निघा," दळवी म्हणाले. "ह्या सगळ्यांना मी नेतो. नकाशा आहे माझ्याकडे. पस्तीस वर्षं ड्रमचे ट्रक बरोबर गेटला लावलेत, आठ माणसं लावता येणार नाहीत का?"

टूर मॅनेजरने ग्रुप असा सोडायचा नसतो. पण मी सोडला, आणि विश्वासाने सोडला.

भुयारी गाडीने मोठ्या स्टेशनवर पोचलो, तर तिथून सुटणारी आमची लोकल डोळ्यांसमोर निघून गेली. पुढची अर्ध्या तासाने होती. काका बाकावर बसले नाहीत. गाडी येईपर्यंत फलाटावरच्या पिवळ्या रेघेच्या मागे उभे होते. गाडीत बसल्यावर काकींनी डबा काढला, त्यांनी तो घेतला नाही.

"ताई," ते मधेच म्हणाले, "तो त्यांचा नसला तर?"

"नसला तर नसला. बघून येऊ."

"नाय तसा नाय. मला ओलखला नाय तर? पाचसहा वर्साचा असंन मी तवा."

काकी म्हणाल्या, "मी हाय ना," आणि डबा पुन्हा पिशवीत ठेवला.

झोन सहाच्या त्या स्टेशनवर उतरलो. मी सही केलेले पास हातात घट्ट धरले होते, काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. गेट सताड उघडं होतं. तिथे कुणी नव्हतंच.

स्टेशनपासून चालत जायचं होतं. काकींचे गुडघे दुखरे. मी म्हटलं, रिक्षा बघू. काकी म्हणाल्या, "हिथं कुठली रिक्षा? चला गुमान." गोदामाशी पोचलो तेव्हा साडेअकरा कधीच वाजून गेले होते. मला खात्री होती, बाई निघून गेल्या असणार किंवा आता उरलेली वीस मिनिटं घड्याळ बघत उभ्या राहणार.

हेलनबाई दाराबाहेर रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. पांढरे केस, साधा स्वेटर. आम्हाला बघताच त्यांनी हात हलवला. मी उशिराबद्दल माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "मी दुपारचं सगळं पुढे ढकललंय. इतक्या लांबून आलात. सावकाश बघा."

आत एक लांबलचक थंड खोली. राखाडी खोकी, राखाडी कपाटं. दळवी असते तर खूश झाले असते. एका टेबलावर पांढरा कागद अंथरलेला आणि त्यावर तो.

मी गणपती म्हणून बघितला. वीतभराहून थोडा उंच, मातकट झालेला, रंग बराच उडालेला. मी हात जोडले.

काकांनी जोडले नाहीत. ते वळसा घालून टेबलाच्या मागच्या बाजूला गेले आणि वाकून मूर्तीची पाठ बघायला लागले. मूर्तिकार माणूस मूर्ती मागून बघतो. पुढून सगळेच नीट करतात.

"हात लावू?" त्यांनी मला विचारलं. मी हेलनबाईंना विचारलं. टेबलावर रबराचे हातमोजे होते. काकांनी ते घालून बघितले आणि काढून ठेवले. "ह्याच्यातून माती कशी समजंल?"

हेलनबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "हात स्वच्छ धुवा, पूर्ण कोरडे करा. मी शेजारी उभी राहते."

काकांनी हात धुतले. लहान मुलासारखे दोन्ही बाजूंनी पुसले. मग एक बोट मूर्तीच्या पाठीवरून, खांद्याखालून कमरेपर्यंत हळूच फिरवलं. पुन्हा फिरवलं. उजव्या कानापाशी थांबले.

"ह्यो कान तुटलेला. कुनीतरी जोडलाय. झ्याक जोडलाय."

हेलनबाई म्हणाल्या, बोटीच्या प्रवासात तुटला होता, त्यांच्याकडच्या एका जुन्या माणसाने जोडला. काका म्हणाले, "त्याला माझा नमस्कार सांगा." तो माणूस आता हयात नव्हता. हेलनबाई म्हणाल्या, तरी सांगते.

पण वडिलांचा आहे की नाही, हे काका बोलेनात. पाठ बघत होते, सोंड बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता त्या थंड खोलीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हा काकी पुढे झाल्या. त्या इतका वेळ समोरच उभ्या होत्या. चष्मा लावून त्या डोळ्यांपाशी वाकल्या, अगदी नाकाशी नाक लावून. रंग सगळीकडचा गेला होता, पण डोळे शाबूत होते.

"अवो," त्या म्हणाल्या, "ही सासूबाईंची रेघ हाय."

काकांनी वर बघितलं.

"खालच्या पापनीची रेघ बगा. सगले आतून भायेर काढतात. सासूबाई भायेरून आत आनायच्या आनि नाकापाशी ब्रश उचलायच्या. मला हातावर मारून शिकवलंय त्यांनी. मी बी तशीच काढते. पेनात दुसरं कोन काढत नाय. नानांची ही रेघ नाय. ही आईंची हाय."

काका पुढच्या बाजूला आले. आता पहिल्यांदाच त्यांनी मूर्तीच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"व्हय गो," ते म्हणाले. मग टेबलाला धरून खुर्चीत बसले आणि रडले. साठीचा माणूस, तोंडावर हात न घेता, सरळ रडला. काकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हेलनबाईंनी हळूच पाण्याचा ग्लास आणून ठेवला, मूर्तीपासून लांब. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "नाना सांगायचे, मी केला, मी केला. आईचं नाव त्यांनी कदी घेतलं नाय. तिनं बी नाय. मी बापाचा बगायला आलो. मला म्हाईतच नवतं, आई बी हिथं हाय."

मी हे हेलनबाईंना सांगितलं. जसंच्या तसं सांगता आलं की नाही, माहीत नाही. त्या काकींना म्हणाल्या, ती रेघ मला पुन्हा दाखवा. काकींनी हवेत बोटाने काढून दाखवली. हेलनबाईंनी तसंच बोट फिरवून बघितलं.

निघताना काकींना एकच काळजी होती. इतकी वर्षं विसर्जन न झालेला गणपती असा खोक्यात. काका म्हणाले, "पूजाच नाय झाली ह्याची, तर विसर्जन कसलं? ह्यो देव नाय झाला अजून. ह्यो आपल्या घरचा हाय." काकींनी तरी नमस्कार केला. कुणाला, ते त्यांनाच माहीत.

हेलनबाईंनी विचारलं, "आमच्याकडे ह्या मूर्तीला 'कारागीर अज्ञात' असं लिहिलंय. नाव सांगाल का?"

काकांनी तोंड उघडलं. वडिलांचं नाव ओठावर होतं, ते मला दिसलं. मग ते थांबले आणि म्हणाले, "द्वारका. पयलं ते लिवा. डोले द्वारकाचे. घडन गोविंदाची. गाव पेन." मी स्पेलिंग सांगितलं. हेलनबाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी हॉटेलवर पोचलो तर आठही रोहेकर लॉबीत ओळीने बसलेले. एकही हरवला नव्हता. दळवींनी येताना केळी आणली होती सगळ्यांसाठी. त्यांनी काकांना किल्ल्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. "काका, दिसला का?" एवढंच विचारलं. आणि काका जे सांगायला लागले, ते जेवणं होईपर्यंत चालू होतं.

काही महिन्यांनी हेलनबाईंचा मेल आला. त्यांच्या म्युझियममध्ये मूर्ती बाहेर काचेत मांडली होती. शेजारच्या पाटीचा फोटो सोबत होता. ह्या वेळी फोटो स्वच्छ होता. आधी द्वारका, मग गोविंद, मग पेण. मी त्याची मोठी प्रिंट काढून कारखान्यात नेली. मूर्तींच्या रांगेत काकी आखणी करत बसल्या होत्या. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले, प्रिंट घेतली.

"सासूबाईंचं नाव छापलेलं मी पयल्यांदाच बगते," त्या म्हणाल्या. मग प्रिंट काकांकडे देऊन पुन्हा ब्रश उचलला. काकांनी ती बराच वेळ हातात धरली होती. मग त्यांनी मला विचारलं, "ताई, हिचं बी नाव आता आपल्या पाटीवर घालावं ना?" काकींचा ब्रश थांबला होता. पुढच्या सीझनला कारखान्याच्या पाटीवर यशवंतच्या आधी सुमन आलं.

ह्या सगळ्यातून धंद्याचा धडा विचाराल तर तो साधा आहे. काळी पट्टी असलेले पास सणाच्या आधी वाटू नयेत. आणि पास सगळ्यात शेवटी निवडावा. आधी माणसाला विचारावं, तुम्हाला काय बघायचंय. दहातले नऊ जण म्हणतात, जे असेल ते सगळं. त्यांना मी मोठा पास देते आणि तो वसूल कसा करायचा तेही सांगते. दहावा जरा गप्प बसतो. त्याच्यासाठी मी चहा मागवते.